आठ नंबरची खुर्ची आणि पूर्व किनारा लीग

आमचं बॅरोन स्प्रिंग्ज हे गाव अमेरिकेच्या वायव्येला गव्हाच्या टेकड्यांमध्ये आहे. कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे पश्चिमेचा, आणि तिथेही सकाळी निघालात तर दुपारचं जेवण वाटेतच करावं लागतं. अशा गावातलं कॉलेज, बॅरोन स्टेट, मागच्या वर्षी पूर्व किनारा लीगमध्ये सामील झालं. मी आयुष्यभर कार्पेट विकली आणि बसवली, म्हणून त्याच धंद्यातलं सांगतो. गिऱ्हाइकाने दिवाणखान्याचं कार्पेट मागितलं आणि मी ते देशाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी दिवाणखान्यात अंथरून आलो, तर मला कोणी पैसे देणार नाही. कॉलेजला मात्र देणार होते.

लीग म्हणजे ज्या आठ-दहा कॉलेजांशी आपली मुलं दरवर्षी खेळतात त्यांचा गट. आमची जुनी डोंगरी लीग शेजाऱ्यापाजाऱ्यांची होती. बसमध्ये बसायचं, शेतांमधून दोन तास जायचं, हरायचं, जेवायचं आणि परत यायचं. जेवण महत्त्वाचं. बाहेरून येणाऱ्यांनी दालचिनीचे रोल आणायचे आणि यजमानांनी चिलीचं पातेलं चढवायचं, अशी पद्धत. चिलीचा तो राजमा-खिम्याचा तिखट रस्सा आणि त्यात बुडवलेला गोड रोल. ज्याला हे विचित्र वाटतं त्याने आमच्याकडच्या जानेवारीत एकदा बसने प्रवास करून बघावा.

मग एक टीव्ही कंपनी आली आणि तिने पूर्व किनाऱ्याच्या लीगला भरपूर पैसे देऊ केले. ते पैसे फुटबॉलसाठी. पण फुटबॉलने घर बदललं की बाकीच्या सगळ्या खेळांना आपापली बोचकी उचलून त्याच्यामागे जावं लागतं. पोहणाऱ्या मुलांना, पळणाऱ्या मुलांना आणि मुलींच्या व्हॉलीबॉलला. कॉलेजच्या अध्यक्षांनी सभा घेऊन सांगितलं की आता पैशांची ददात नाही. वर्षभरात असं निघालं की जेवढे पैसे टीव्हीवाल्यांनी दिले तेवढे विमानवाल्यांनी घेतले. मग टेनिस बंद झालं, हॉट डॉग महागला, आणि तरी भागेना म्हणून खुर्च्यांवर संक्रांत आली.

माझ्या बायकोची, लव्हॉनची, आणि माझी व्हॉलीबॉलच्या जुन्या क्रीडागृहात तिसऱ्या रांगेत जागा होती. सात माझी, आठ तिची. व्हॉलीबॉल तिला कळायचा. मला दुसऱ्या गेमपर्यंत कळायचा, मग डोळा लागायचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये लव्हॉन गेली. त्यानंतरही मी दोन्ही खुर्च्यांचे पैसे भरले. आठवर कोणी बसत नाही. मी तिथे कोट ठेवतो. यावर मला कोणाशी चर्चा करायची नाही.

चर्चा करायची होती ती चाहता-अनुभव विभागाला. पूर्वी तिथे तिकीट खिडकी होती आणि खिडकीत नॉर्मा बसायची. नॉर्माच्या काळात आम्हाला फक्त तिकीट मिळायचं, अनुभव आमचा आम्ही घ्यायचो. आता तिथे सोफा आहे आणि ब्रेंट हॅस्कल नावाचा गृहस्थ आहे. वय साधारण माझ्या दुकानातल्या शिडीएवढं.

"मिस्टर ट्वेट, आम्ही खुर्च्यांचं पुन्हा वाटप करतोय," तो म्हणाला. "गुणांवर. देणगी दिलीत तर गुण, बाहेरगावच्या सामन्याला गेलात तर गुण."

"मग आमचे बघा की. आम्ही एकतीस वर्षं प्रत्येक बसला होतो."

त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. त्याचा चेहरा उजळला. "मिसेस ट्वेटच्या नावावर पुष्कळ आहेत. अहो, अख्ख्या गावात सगळ्यात जास्त."

"मग झालं तर."

"पण त्या आता..."

"वारल्या."

"फार वाईट वाटलं," तो म्हणाला, आणि खरंच वाटलं असावं, कारण त्याने मला पाण्याची बाटली दिली. "अडचण अशी आहे की गुण माणसाला असतात, घराला नसतात. ते वारसाला जात नाहीत. आणि तुमच्या नावावर बघितलं तर शून्य आहेत."

बसची तिकिटं लव्हॉन काढायची. दोन्ही तिच्या नावावर. म्हणजे एकतीस वर्षं मी डोंगरी लीगमध्ये तिचं सामान म्हणून फिरलो, असं कॉलेजच्या दप्तरी निघालं.

ब्रेंटने नियम समजावला. एका खुर्चीला दहा गुण. बाहेरगावचा एक सामना एका माणसाने बघितला की दहा गुण. मुदत ऑक्टोबरअखेर. तोवर गुण नसतील तर खुर्च्या यादीतल्या पुढच्या माणसाला.

"तोवर बाहेरगावचा जवळात जवळ सामना कुठे आहे?"

"टॅलमेज युनिव्हर्सिटी. कॅरोलायना, पूर्व किनाऱ्यावर."

"जवळचा विचारला मी."

"तोच," ब्रेंट म्हणाला.

"आणि यादीतला पुढचा माणूस कोण?"

"ते गोपनीय असतं."

बाहेर पडलो तर सोफ्यावर डार्विन क्लूज बसला होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, शेजारच्या घरात लवकरच राहायला येणारा माणूस हलवतो तशी. डार्विन क्लूज लॅमिनेटच्या फरश्या विकतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: लॅमिनेट म्हणजे लाकडाचा फोटो. लाकडाचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून हा माणूस तो जमिनीवर टाकतो, आणि त्याच्यामुळे या जिल्ह्यातली निम्मी कार्पेटं उखडली गेली. मी ते सहन केलं. धंदा आहे. पण लव्हॉनच्या खुर्चीवर लॅमिनेटवाला बसणार असेल, तर मी कॅरोलायनाला चालत गेलो असतो.

चालत जाऊ नये असं विलिस प्रुएटचं मत पडलं. विलिस माझा शेजारी. दिवसभर रेडिओवर खेळांच्या गप्पा ऐकतो, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं आणि काहीच बघितलेलं नसतं. त्याची बायको बर्नडीन त्याच्या उलट. ती काही ऐकत नाही.

"जायची गरजच काय?" विलिस म्हणाला. "माझा चुलतभाऊ आहे कॅरोलायनात. तिकीट त्याला पाठव. तो दारात दाखवेल, यंत्र बीप करेल, तुझे गुण जमा."

"मग विचार त्याला."

"आमचं बोलणं नाही. पंच्याऐंशी सालापासून."

"मग हे सांगितलंस कशाला?"

"मार्ग आहे एवढं सांगितलं."

दुसरा मार्ग मात्र त्याने कामाचा सांगितला. तिकिटं दोन काढायची. दारात दोन्ही दाखवायची. यंत्र तोंड बघत नाही, कागद बघतं. एका फेरीत वीस गुण, दोन्ही खुर्च्या शाबूत. मला यात थोडी लबाडी वाटली. पण लव्हॉनने एकतीस वर्षं कमावलेले गुण ज्या कंपूने एका क्षणात बुडवले, त्याच्याशी लबाडी करताना मला झोप न लागण्याचं कारण नव्हतं. तशीही मला कुठेही झोप लागते.

"रोल किती नेणार?" बर्नडीनने विचारलं.

"कसले रोल?"

"म्हणजे बाहेरगावच्या सामन्याला हात हलवत जाणार? लव्हॉनच्या नावाने?"

मी म्हटलं, कॅरोलायनातल्या लोकांना ही पद्धत ठाऊक असेल असं मला वाटत नाही. ती म्हणाली, ते आपल्या लीगमध्ये आहेत की नाहीत? आहेत. मग ठाऊक असणारच.  तिने चार डझन रोल भाजले. विलिसने सल्ला दिला की साखरेचं आयसिंग वर ओतू नका, प्रवासात चिकट होईल. वेगळ्या डब्यात न्या, तिथे गेल्यावर ओता. हा त्या दिवसातला त्याचा तिसरा सल्ला होता आणि तो मी ऐकला.

पूर्वेला जायचं म्हणून आधी पश्चिमेला जावं लागतं, हे मला विमानाच्या तिकिटावरून कळलं. स्पोकेनहून सिअ‍ॅटल, तिथून देश ओलांडून शार्लट, पुढे भाड्याची गाडी. स्पोकेनच्या विमानतळावर तपासणीवाल्या बाईंनी माझा आयसिंगचा डबा वर धरला.

"हे काय आहे?"

"आयसिंग."

"हे पसरतं का?"

"पसरलं नाही तर ते आयसिंग कसलं?"

"जे पसरतं ते द्रव धरतात, साहेब. एवढा द्रव आत जात नाही."

"आणि रोलवर ओतलेलं असतं तर?"

"तर तो रोल," बाई म्हणाल्या.

मागे रांग खोळंबली होती. मी तिथेच उभ्या उभ्या रोलवर आयसिंग ओतू का, असं विचारलं. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी डबा हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि डबा ठेवून घेतला. नियमाप्रमाणे तो कचऱ्यात गेला असेल. मी परतताना बघितलं तेव्हा वरिष्ठांच्या टेबलावर तो धुऊन पालथा घातलेला होता, एवढंच मी म्हणेन.

सिअ‍ॅटलला उतरलो तर धुकं. शार्लटचं विमान उशिरा, मग आणखी उशिरा. मी वेळ घालवायला जमिनीकडे बघत हिंडत होतो. मी सगळीकडे जमीनच बघतो, धंद्याची खोड. आखूड तंतूंचं नायलॉनचं कार्पेट, खाली गादी नाही, थेट डिंकावर चिकटवलेलं. या कार्पेटवर माणसं झोपवायची नसतात. आणि त्यावर आमचा व्हॉलीबॉलचा अख्खा संघ झोपला होता.

मला वाटलं होतं या मुली खास विमानाने जात असतील. खास विमान फुटबॉलला असतं. या मुली पहाटेपासून इथे होत्या. उंच मुलगी खुर्चीत मावत नाही, म्हणून त्या गव्हाच्या पेंढ्यांसारख्या आडव्या पसरल्या होत्या. एक मांडीवर पुस्तक घेऊन रसायनशास्त्र घोकत होती. ती आमची कर्णधार, माइका डेलाक्रूझ.

"तुम्ही तिसऱ्या रांगेतले ना?" ती म्हणाली. "झोपणारे आजोबा?"

इतक्या वर्षांत मी तिथे कोणत्या नावाने ओळखला जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

"डोळे मिटून बघतो मी," मी म्हणालो. "परीक्षा आहे का?"

"उद्या सकाळी. सर म्हणाले हॉटेलातून ऑनलाइन दे. हॉटेलात पोचलो तर देईन. मागच्या महिन्यात जीवशास्त्राची ओहायोच्या पार्किंगमध्ये दिली." मग तिला वास आला. "आजोबा, त्या खोक्यात काय आहे?"

चार डझनातले बहुतेक रोल तिथेच गेले. आयसिंग नव्हतं म्हणून कोणी तक्रार केली नाही. प्रशिक्षक बाई, मिसेस ओडेगार्ड, तीन खाऊन म्हणाल्या, "चिली असती तर." आमच्याकडच्याच त्या.

मग विमान रद्द झालं. दुसऱ्या विमानात एकच जागा होती आणि खिडकीवरच्या माणसाने नाव पुकारलं ते माझं. मी म्हटलं, अहो, सामना यांचा आहे. मी बघणारा. त्यांच्यातल्या कोणाला तरी पाठवा. मिसेस ओडेगार्ड म्हणाल्या, "एकटी पोरगी पाठवून काय करू? स्वतःच चेंडू उडवेल आणि स्वतःच झेलेल? तुम्ही व्हा पुढे, मिस्टर ट्वेट. त्यांना सांगा, आम्ही येतोय."

अशा रीतीने बॅरोन स्टेटचा संघ म्हणून कॅरोलायनात वेळेवर पोचला तो मी.

टॅलमेजचं क्रीडागृह म्हणजे आमचं अख्खं गाव आत बसेल एवढं. दारात इमोजीन नावाच्या बाई तिकिटं बघत होत्या. माझ्याच वयाच्या, पांढरे केस, गळ्यात शिट्टी. मी दोन्ही तिकिटं पुढे केली.

"दुसरं कोणाचं, बाळा?"

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला कोणी बाळा म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी विलिसने पढवलेलं उत्तर विसरलो. म्हणालो, "बायकोचं. ती गेल्या वर्षी वारली. खुर्ची तिची आहे, ती जाऊ नये म्हणून आलोय." आणि गुणांचं, लॅमिनेटचं, सगळं त्या दारातच सांगून टाकलं. रांगेतल्या लोकांनीही ऐकलं.

इमोजीनबाईंनी दोन्ही तिकिटं यंत्राखाली धरली. दोनदा बीप झालं. "यंत्राला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "खोक्यात काय आहे? बाहेरचं खाणं आत चालत नाही."

मी उरलेले रोल दाखवले आणि विचारलं की चिली कुठे ठेवलीये.

"कसली चिली?"

"यजमानांची. या रोलबरोबर खायला."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हॉट डॉगच्या गाड्यावरून कागदी वाटीत थोडी चिली आणून दिली. मी रोल तोडून तिच्यात बुडवला आणि खाल्ला. दारावरचे दोन पोलीस बघायला आले.

"देव तुमचं भलं करो," इमोजीनबाई म्हणाल्या. मला बरं वाटलं. त्या मुलखात हे वाक्य अर्धवट डोक्याच्या माणसाची कीव करताना म्हणतात, ते मला नंतर विलिसने सांगितलं.

मी आत जाऊन पाहुण्यांच्या बाकांमागे बसलो. शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवला. पाहुण्यांकडून मी एकटाच. कोणीतरी घाईघाईने येऊन मला विचारलं, "तुम्ही बॅरोन स्टेटचे?" मी म्हटलं, हो. "संघ कुठे आहे?" म्हटलं, "सिअ‍ॅटलच्या कार्पेटवर. येतायत." तो डोक्याला हात लावून गेला.

आता बघा, टीव्ही कंपनीने त्या संध्याकाळचे दोन तास विकत घेतलेले होते. आपण दूध विकत घेतो आणि पातेल्यात नाही आलं तर भांडतो. टीव्हीवाले भांडत नाहीत, जे असेल ते दाखवतात. त्यांनी टॅलमेजचा बँड दाखवला. त्यांच्या मुली चेंडू मारून दमल्या, त्या दाखवल्या. त्यांच्या संघाचं शुभचिन्ह म्हणून बोकडाचं सोंग घेतलेला माणूस नाचला, तो दाखवला. तेही संपल्यावर त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. दोन हजारांवर मैलांवरून आलेला एकमेव चाहता, असं समालोचक म्हणत होता म्हणे. म्हणे, कारण मी ऐकलं नाही. मी सकाळपासून जागा होतो, खुर्ची मऊ होती, आणि माझा आणि व्हॉलीबॉलचा संबंध कसा आहे ते सांगून झालंय.

मला उठवलं ते इमोजीनबाईंनी. क्रीडागृह रिकामं झालं होतं. "सामना उद्या दुपारी," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र छान खेळलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं परतीचं विमान होतं, न बदलता येणारं. शार्लटच्या विमानतळावर मी जात होतो तर समोरून संघ येत होता. माइकाच्या गालावर कार्पेटची नक्षी उमटलेली होती.

"काय झालं, आजोबा?" ती म्हणाली.

"शून्य-शून्य," मी म्हणालो. "मी धरून ठेवलंय. परीक्षेचं काय?"

"विमानाच्या संडासाबाहेर उभी राहून दिली."

त्या दुपारी त्या हरल्या. पण तिसरा गेम जिंकल्या, आणि माझ्या मते तो रोलवर जिंकल्या.

गावात परतलो तर माझं तोंड उघडं होतं की नाही यावर दोन तट पडले होते. विलिस म्हणाला, उघडं होतं. बर्नडीन म्हणाली, उघडं होतं पण घोरत नव्हतास. माझी मुलगी मार्ला बॉइझीहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही टीव्हीवर चाळीस मिनिटं होता. अध्यक्षांना त्यांच्या भाषणाला चार मिळाली होती." किराण्याच्या दुकानात अनोळखी माणसं मला "झोप झाली का?" विचारू लागली. एकाने सहीसुद्धा मागितली. मी दिली. सही देताना त्याला सांगितलं की कार्पेट बदलायचं असेल तर माझ्या पुतण्याचं दुकान आहे.

एवढी नाचक्की झाली तरी खुर्च्या वाचल्या असं मी धरून चाललो होतो. ब्रेंट हॅस्कलने बोलावलं. त्याच्या टेबलावर पडदा होता आणि पडद्यावर मी होतो. मी नीट बघितलं. तोंड उघडं होतं.

"सामना झाला नाही, तो मुद्दा आम्ही सोडला," ब्रेंट म्हणाला. "टीव्हीचे पैसे आले, म्हणजे सामना झाला असं लीगचं म्हणणं आहे. अडचण दुसरीच आहे. तिकिटं दोन लागली. पण ही शेजारची खुर्ची रिकामी आहे."

"तिथे कोट आहे."

"कोटाला गुण मिळत नाहीत, मिस्टर ट्वेट."

 विलिसची लबाडी यंत्रापुढे चालली होती, पण अख्ख्या देशापुढे चालली नव्हती. ब्रेंटने पडद्यावरून मला काढलं. मग म्हणाला, "मी समितीत बोललो. खरं म्हणजे खोटं तिकीट लावलं म्हणून दोन्ही जायला हव्या होत्या. मी म्हटलं, हा माणूस संघाच्या आधी पोचला. इतकं आजवर कोणी केलेलं नाही. दहा गुण देतायत. एक खुर्ची. सात की आठ?"

"आठ."

"नक्की?" त्याने पडद्यावर क्रीडागृहाचा नकाशा काढला. "नाही, म्हणजे, लोक सहसा सात घेतात."

"लोकांना घेऊ दे. आठ."

सात नंबर डार्विन क्लूजला गेला.

नोव्हेंबरातला पहिला घरचा सामना. मी लवकर जाऊन आठवर बसलो. त्या खुर्चीवर मी कधीच बसलो नव्हतो. कोट मांडीवर घेतला. क्लूज आला, "ऑरिन" म्हणाला, मी "डार्विन" म्हणालो, आणि आम्ही दोघंही समोर बघू लागलो. मी ठरवलं होतं की काहीही झालं तरी याच्यासमोर झोपायचं नाही.

शिट्टी झाली. माइका सर्व्हिस करायला मागे गेली आणि नाहीशी झाली.

समोर खांब होता. वरची गॅलरी धरणारा लोखंडी खांब. तो काही नवा नव्हता. सातवरून तो मला रोज दिसायचा, एका बाजूला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्यामागे काय दिसत नाही, ते मला सातवरून कसं दिसणार? आठवरून तो बरोबर डाव्या अर्ध्या मैदानावर उभा होता. चेंडू जाळ्यावरून डावीकडे जायचा आणि तिकडे काय झालं ते लोकांच्या ओरडण्यावरून समजून घ्यायचं.

डावीकडचं बघायचं तर एकच उपाय होता. सातच्या बाजूला कलायचं. चांगलं कलायचं, डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर जाईपर्यंत.

एकतीस वर्षं लव्हॉन सामनाभर माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसायची. मागच्या रांगेतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना आमच्याकडे बोट दाखवायच्या. मलाही त्याचा अभिमान होता. त्या अभिमानातच मला झोप लागायची, चांगल्या खुर्चीवर, अख्खं मैदान समोर असताना.

आता ती प्रेमाने टेकायची की खांबामुळे, हे विचारायला ती नाही. मी बराच वेळ खांबाकडे बघत बसलो. माझं मत असं झालं की दोन्ही असावं, आणि निम्मं निम्मं असेल तरी एकतीस वर्षांत ते पुष्कळ होतं. जागा बदलू या, असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही.

दुसऱ्या गेमला सामना अटीतटीचा झाला. गुण बरोबरीत, सर्व्हिस माइकाची, आणि माइका खांबामागे. मी कललो.

क्लूजचा खांदा अगदी लॅमिनेटसारखा आहे. खाली गादी नाही.

"ऑरिन," तो कुजबुजला, "लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हणालो. "हलू नकोस. सर्व्हिस आपली आहे."